रक्तातील प्रथिनांचा अहवाल कसा वाचावा : हृदय आणि दीर्घायुष्य यांतील दुवा

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की नजर प्रथम ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे जाते, आणि सगळे आकडे मर्यादेत दिसले की तो कागद फाइलमध्ये जाऊन पडतो. हृदयाच्या दृष्टीने अहवाल वाचायचा असेल तर ही सवय मोडावी लागते. रक्तातील काही प्रथिने स्वतः रक्तवाहिनीचे नुकसान घडवून आणतात, तर काही प्रथिने होत असलेल्या नुकसानीची केवळ वर्दी देतात. पहिल्या प्रकारचे प्रथिन कमी केले तर निरोगी आयुष्याची वर्षे वाढू शकतात. दुसऱ्या प्रकारचा आकडा नुसता खाली आणून काही साधत नाही. त्याने दिलेली वर्दी ऐकून मूळ दुखण्याकडे वळावे लागते. अहवालातील प्रत्येक प्रथिनासमोर ‘कारण’ की ‘वर्दी’ हे पेन्सिलीने लिहिता यावे, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

कारण कोणते, हे कसे ठरते

एखादे प्रथिन हृदयरोग्यांच्या रक्तात जास्त सापडले, एवढ्यावरून त्याने रोग घडवला असे म्हणता येत नाही. आग लागली की धूर दिसतोच, पण म्हणून धुराने आग लावलेली नसते. हा गोंधळ टाळण्यासाठी संशोधक जन्मजात जनुकीय फरकांचा आधार घेतात. आईवडिलांकडून कोणता जनुक यावा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते; त्यावर आपल्या आहाराचा, पैशाचा किंवा सवयींचा परिणाम होत नाही. त्यामुळे एखादे प्रथिन जन्मापासून जास्त राखणारा जनुक ज्यांना मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, अशा लोकांच्या आयुष्याची तुलना केली, तर त्या प्रथिनाचा स्वतःचा हात किती आहे हे बरेचसे कळते.

एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर एजिंग’ या नियतकालिकात याच पद्धतीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वार्धक्याशी संबंधित सहा मोठ्या जनुकीय अभ्यासांची माहिती एकत्र करून त्यांनी रक्तातील ८५७ प्रथिने तपासली, आणि त्यांतून वार्धक्यावर स्पष्ट प्रतिकूल परिणाम करणारी दोन प्रथिने पुढे आली. पहिले म्हणजे ‘लायपोप्रोटीन ए’ या कणातील विशेष प्रथिन, जे यकृतात बनते आणि धमन्या कठीण व अरुंद होण्यास हातभार लावते. दुसरे ‘व्हीकॅम-१’, जे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर असते आणि पांढऱ्या पेशींना तेथे चिकटून आत शिरण्यास मदत करते. आठशेहून अधिक प्रथिनांची छाननी करून जी दोन हाती लागली, त्या दोघांचेही कार्यक्षेत्र रक्तवाहिनीची भिंत असावे, ही मला या विषयातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आयुष्याची लांबी आणि धमनीची अवस्था यांचा संबंध किती जवळचा आहे, हे त्यातून दिसते.

याहून ठळक पुरावा ‘पीसीएसके-९’ या प्रथिनाचा आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पकडून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि हे प्रथिन त्या ग्राहकांचा नाश घडवून आणते. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात सुमारे २.६ टक्के कृष्णवर्णीय सहभागींमध्ये हे प्रथिन निकामी करणारे जन्मजात फरक आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या लोकांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयधमनीचा विकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. एवढ्याशा घटीने एवढा मोठा फरक पडतो, कारण ती घट जन्मापासून, अखंड, दशकानुदशके टिकलेली असते. धमनीला भोगावी लागणारी हानी आकडा किती मोठा आणि तो किती वर्षे तसा राहिला, या दोहोंच्या गुणाकारासारखी साठत जाते. तिशीतील व्यक्तीचा किंचित वाढलेला आकडा म्हणूनच क्षुल्लक समजू नये.

उलट उदाहरण ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एचडीएलचे. ते जास्त असलेल्या लोकांत हृदयविकार कमी दिसतो, म्हणून ते वाढवणारी औषधे तयार झाली. त्यांपैकी टॉरसेट्रापिबने एचडीएल भरपूर वाढवले, तरीही औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एचडीएल चांगले आहे, तेव्हा बाकीचे चालेल, असे समाधान करून घेणाऱ्यांनी ही घटना अवश्य लक्षात ठेवावी.

रक्त देण्यापूर्वी

तपासणीची वेळ नीट निवडली तर निम्मा गोंधळ टळतो. ताप, सर्दी-खोकला, डेंग्यू, दातांचा संसर्ग किंवा लसीकरण होऊन गेल्यावर किमान दोन ते तीन आठवडे थांबावे, कारण दाह (शरीरातील सूज) दाखवणारी प्रथिने त्या काळात चढलेली असतात. जोरदार व्यायामानंतरही तेच घडते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावून आलेल्या निरोगी धावपटूच्या रक्तातही ट्रोपोनिन व एनटी-प्रोबीएनपी ही हृदयाची प्रथिने आणि सीआरपी हे दाहाचे प्रथिन काही काळ वाढलेले सापडू शकतात; तेव्हा अशा स्पर्धेनंतर आठवडाभर तरी ही तपासणी करू नये.

केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत प्रथिन मोजण्याची पद्धतच बायोटिनच्या बंधावर आधारलेली असल्यामुळे, या गोळ्यांमुळे काही चाचण्यांचा आकडा खोटा येतो, आणि ट्रोपोनिनच्या बाबतीत तो खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. अशा गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी बंद कराव्यात हे प्रयोगशाळेला विचारावे, आणि तातडीच्या वेळी रुग्णालयात न विसरता सांगावे.

उपाशीपोटी रक्त देणे प्रथिनांच्या बहुतेक चाचण्यांसाठी आवश्यक नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) किंवा साखर सोबत मोजायची असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. शक्य असेल तर दरवेळी एकाच प्रयोगशाळेत जावे, म्हणजे दोन वर्षांच्या आकड्यांतील फरक हा शरीरातील असतो, यंत्रातील नव्हे.

लायपोप्रोटीन ए : आयुष्यात एकदा, पण नक्की

एडिंबराच्या अभ्यासात पुढे आलेले प्रथिन मोजण्याची चाचणी आपल्याकडील मोठ्या प्रयोगशाळांत मिळते. मागणी करताना ‘लायपोप्रोटीन स्मॉल ए’ असे स्पष्ट म्हणावे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, ही चाचणी नसते, आणि ‘अपोलिपोप्रोटीन ए-१’ ही पूर्णपणे वेगळी चाचणी आहे. नावांच्या या साधर्म्यामुळे नको ती चाचणी होते आणि पैसे वाया जातात.

नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ साली या कणाचा शोध लावला. हा कण म्हणजे एलडीएलसारखाच एक गोळा, ज्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला आणखी एक लांब प्रथिन जोडलेले असते. त्याचे रक्तातील प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरते आणि लहानपणीच जवळजवळ कायम होते. आहार, व्यायाम, वजन यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणूनच बहुतेकांसाठी आयुष्यात एकदाच केलेली चाचणी पुरेशी असते. मूत्रपिंडाचा गंभीर विकार किंवा स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्ती यांमुळे आकडा काहीसा वाढू शकतो. तेवढ्यापुरती डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुन्हा करता येते.

आकडा ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर तो वाढलेला समजतात. जगात साधारण पाचांपैकी एका व्यक्तीत तो असा वाढलेला असतो. येथे एककाकडे बारकाईने पाहावे. मिलिग्रॅम आणि नॅनोमोल यांच्यात ठरलेल्या गुणकाने रूपांतर करता येत नाही, कारण या प्रथिनाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. ११० हा आकडा नॅनोमोलमध्ये असेल तर तो मर्यादेच्या आत आहे, आणि मिलिग्रॅममध्ये असेल तर मर्यादेच्या दुपटीहून अधिक.

आकडा वाढलेला निघाल्यावर लोक हवालदिल होतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण जे बदलता येत नाही ते कळून काय उपयोग असे वाटते. उपयोग मोठा आहे. या एका आकड्यामुळे बाकीच्या सर्व मर्यादा अधिक कडक कराव्या लागतात : रक्तदाब, साखर, तंबाखू आणि विशेषतः एलडीएल यांबाबत ‘थोडे जास्त आहे, पाहू पुढच्या वर्षी’ हे धोरण अशा व्यक्तीला परवडत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी लायपोप्रोटीन ए कमी होत नाही, हे खरे. परंतु एकूण धोका कमी होतो, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. पीसीएसके-९ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी तो सुमारे २० ते ३० टक्के कमी होतो, मात्र ती महाग आहेत आणि निवडक रुग्णांनाच सुचवली जातात.

अपो-बी : कणांची शिरगणती

कोलेस्टेरॉल रक्तात सुटे फिरत नाही. ते प्रथिनांच्या वेष्टनातील कणांतून वाहून नेले जाते. धमनीच्या भिंतीत शिरून अडकणाऱ्या प्रत्येक कणावर अपोलिपोप्रोटीन बी या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. त्यामुळे अपो-बी मोजणे म्हणजे घातक कणांची थेट शिरगणती करणे होय. एलडीएलचा आकडा या कणांत भरलेला माल सांगतो, कणांची संख्या सांगत नाही.

आपल्या लोकांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. भारतीयांत ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएल जेमतेम मर्यादेत, असे चित्र वारंवार दिसते. पोटाचा घेर वाढलेला आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीत तर अधिकच. अशा वेळी एलडीएलचे कण लहान असतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावते आणि म्हणून तेवढ्याच कोलेस्टेरॉलसाठी कणांची संख्या जास्त असते. अहवालात एलडीएल ठीक दिसते, परंतु धमनीच्या भिंतीवर आदळणारे कण मात्र जास्त असतात. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात अपो-बी आणि अपो-ए-१ (एचडीएलच्या कणांवरील प्रथिन) यांचे गुणोत्तर हे हृदयविकाराच्या झटक्याच्या सर्वांत बलवान घटकांपैकी एक ठरले. त्याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचे दिसले, तर इतर देशांतील लोकांना तो जवळजवळ ५९व्या वर्षी आला. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे अनेक घरांत मुलांची शिक्षणे पूर्ण होण्याआधीच कर्ती व्यक्ती अंथरुणाला खिळणे, आणि हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो तो त्याचमुळे.

युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार मध्यम धोका असलेल्यांनी अपो-बी १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, जास्त धोका असलेल्यांनी ८० च्या खाली आणि अतिशय जास्त धोका असलेल्यांनी, म्हणजे झटका किंवा अँजिओप्लास्टी होऊन गेलेल्यांनी, ६५ च्या खाली ठेवावे. आपण कोणत्या गटात मोडतो हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. अपो-बीची चाचणी शक्य नसेल तर जुन्या लिपिड प्रोफाइलवरूनही बरेच काही कळते : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. उरलेला आकडा घातक कणांतील सर्व कोलेस्टेरॉल दाखवतो आणि एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा साधारण ३० ने जास्त ही त्याची मर्यादा धरतात. एखाद्याचे एलडीएलचे लक्ष्य १०० असेल तर हा आकडा १३० च्या आत हवा.

अपो-बी हे कारण आहे, तेव्हा ते कमी करणे हाच उपाय. वनस्पती तूप आणि त्यात तळलेले बेकरीचे पदार्थ सोडणे, साजूक तूप, लोणी व पामतेल मोजून वापरणे, डाळी, कडधान्ये, ओट्स आणि इसबगोल यांतून विरघळणारा चोथा वाढवणे, यांचा परिणाम आठ ते बारा आठवड्यांत आकड्यावर दिसतो. साखर, मैदा आणि मद्य कमी केल्याने ट्रायग्लिसराइड उतरतात. एवढ्याने लक्ष्य गाठले नाही तर स्टॅटिन घेण्यात कमीपणा मानू नये. आकडा उतरल्यावर मनाने गोळी बंद करणे ही चूक मात्र फार होते, आणि काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर येतो.

सीआरपी : वर्दी देणारे प्रथिन

१९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन यकृतात बनते, आणि इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या संदेशावर त्याचे उत्पादन वाढते. हृदयासाठी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे एचएस-सीआरपी ही चाचणी लागते. तापात केली जाणारी साधी सीआरपी चाचणी येथे चालत नाही. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त मानतात. १० च्या वर आकडा आला तर तो हृदयाबद्दल काही सांगत नाही. बहुधा कोठेतरी संसर्ग असतो, तो बरा झाल्यावर चाचणी पुन्हा करावी. काही अहवालांत एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, तेव्हा आकड्याला दहाने गुणून मगच तुलना करावी. हा आकडा दिवसागणिक बराच हलतो, म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घेणे शहाणपणाचे.

जनुकीय अभ्यासांत सीआरपी स्वतः झटका घडवत नाही असे दिसले, परंतु त्याच्यामागील दाहाची साखळी मात्र घडवते. २०१७ मधील कँटोस चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना दाह रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध, तर बाकीच्यांना तुलनेसाठी औषधाविना इंजेक्शन देण्यात आले. कोलेस्टेरॉल न बदलताही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. म्हणून सीआरपी वाढलेले दिसले की आग कोठे आहे ते शोधावे : हिरड्यांतून रक्त येते का, पोटाची चरबी वाढली आहे का, तंबाखू किंवा मिश्री चालू आहे का, सांध्यांचा आजार आहे का, झोप पुरेशी होते का. हिरड्यांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण हृदयाच्या तपासणीवर हजारो रुपये खर्च करणारी माणसेही दंतवैद्याकडे वर्षानुवर्षे जात नाहीत.

हृदयावरचा ताण सांगणारी प्रथिने

हृदयाचे कप्पे ताणले गेले की स्नायू बीएनपी नावाचे संप्रेरक सोडतात आणि त्याच्याबरोबर निघणारा तुकडा एनटी-प्रोबीएनपी म्हणून मोजतात. बाह्यरुग्ण तपासणीत १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आकडा असेल तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता कमी असते. वयाबरोबर, मूत्रपिंड मंदावल्यावर आणि हृदयाची लय बिघडल्यावर तो वाढतो; स्थूल व्यक्तीत मात्र तो मुळातच कमी येतो, म्हणून जाड माणसाचा ‘चांगला’ आकडा पूर्ण दिलासा देत नाही. ही चाचणी प्रत्येकाने करण्याची गरज नाही. बरीच वर्षे मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, जिना चढताना पूर्वीपेक्षा धाप लागणारे, संध्याकाळी पायांवर सूज येणारे, यांनी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे आणि आकडा वाढला असेल तर पुढे टूडी इको करून घ्यावा.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे आणि स्नायू जखमी झाला की रक्तात येते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे असताना घरी रक्त घेणाऱ्याला बोलावून या चाचणीची वाट पाहू नये. पहिल्या तासांत ती सामान्यही येऊ शकते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन, हे काम रुग्णालयाचे.

मूत्रपिंडासाठी सिस्टाटिन-सी ही चाचणी वृद्धांत क्रिएटिनिन या नेहमीच्या चाचणीपेक्षा भरवशाची असते, कारण ती स्नायूंच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसते. कृश वृद्ध माणसाचे क्रिएटिनिन मूत्रपिंड मंदावलेले असतानाही ‘ठीक’ दिसू शकते. अल्ब्युमिन हे रक्तातील मुख्य प्रथिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले असेल तर आहार, यकृत, मूत्रपिंड किंवा जुनाट दाह यांपैकी काहीतरी बिघडले आहे. अंडी आणि प्रोटीन पावडर वाढवून हा आकडा सावरत बसू नये. त्यामागील दुखणे शोधावे. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणीही एका प्रथिनाचेच, हिमोग्लोबिनचे, मोजमाप आहे. ६.५ टक्के आणि त्यावर मधुमेह समजतात. लोहाची कमतरता असेल तर तो आकडा उगाच जास्त दिसू शकतो, आणि सिकलसेलचा वाहक असेल तर काही यंत्रांवर चुकतो. सिकलसेल हा रक्तदोष जेथे जास्त आढळतो, त्या विदर्भ आणि नंदुरबारकडील कुटुंबांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

‘प्रथिनांवरून वय’ सांगणाऱ्या चाचण्या

आता हजारो प्रथिने एकदम मोजता येतात. ब्रिटनच्या बायोबँकेतील (संशोधनासाठी लोकांचे नमुने व माहिती जपणारा प्रकल्प) ५४,२१९ लोकांची २,९२३ प्रथिने मोजलेला संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रक्तातील प्रथिनांवरून अकरा अवयवांचे स्वतंत्र वय काढून दाखवले. ज्यांचे हृदय वयापेक्षा म्हातारे निघाले, त्यांच्यात पुढे हृदय निकामी होण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. हे संशोधन अतिशय मोलाचे आहे. तरीही अशा ‘जैविक वया’च्या खासगी चाचणीवर आज पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. समूहाबद्दल खरा ठरणारा अंदाज एकट्या माणसाबद्दल तितका खरा नसतो, आणि हृदयाचे वय सात वर्षांनी जास्त निघाले म्हणून डॉक्टरांनी कोणते औषध द्यावे, हे अजून ठरलेले नाही. तेवढ्याच पैशांत घरातील चार जणांचे लायपोप्रोटीन ए आणि अपो-बी मोजून होईल.

नोंद कशी ठेवावी

एका वहीत प्रत्येक तपासणीची तारीख, प्रयोगशाळा, आकडा आणि एकक लिहावे. एककाविना लिहिलेला आकडा पाच वर्षांनी निरुपयोगी होतो. त्या दिवशीचे वजन, रक्तदाब, चालू औषधे आणि अलीकडचे आजारपण शेजारीच टिपावे. अपो-बी औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पाहिले तरी चालते. दर महिन्याला सीआरपी मोजत बसण्याने चिंता तेवढी वाढते. डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत : माझा एकूण धोका कोणत्या गटात येतो, त्यानुसार माझे अपो-बीचे लक्ष्य काय, आणि ते गाठण्यासाठी आपण किती दिवस नुसत्या आहार-व्यायामावर थांबणार आहोत.

वहीचे पहिले पान घराण्यासाठी राखावे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल तर ते नाते आणि वय तेथे लिहावे. आपले लायपोप्रोटीन ए वाढलेले निघाले तर सख्ख्या भावंडांना त्याच आठवड्यात कळवावे, कारण त्यांच्यातही ते वाढलेले असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. मुलांना चाचणी केव्हा करावी हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे आणि तोवर आपला आकडा, एकक व तारीख यांची एक प्रत त्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.